सतरा वर्षांपूर्वीचा दाखला: पस्तिसाव्या वर्षी आयटीआयला प्रवेश घेताना

वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मी कार्यालयातली नोकरी सोडली आणि शासकीय आयटीआयमध्ये वीजतंत्री, म्हणजेच इलेक्ट्रिशियन, या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. सध्या माझे दुसरे वर्ष सुरू आहे. वय वाढल्यावर हा मार्ग धरता येतो का, असे ओळखीतल्या काही जणींनी विचारले, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. खरे सांगायचे तर अभ्यास, यंत्रे आणि माझ्याहून निम्म्या वयाची मुले यांपैकी कशाचाही मला त्रास झाला नाही. त्रास झाला तो एका कागदाचा, आणि तो आजही मनातून गेलेला नाही.

सुरुवातीला सगळ्यांनी एकच सांगितले, की आता तुझे वय उलटले. प्रत्यक्षात आयटीआयचे अभ्यासक्रम ज्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालतात, तिच्यात किमान वय १४ वर्षे आहे आणि कमाल वयाची अट नाही. ही योजना १९५० पासून चालू आहे, तरीही ही साधी गोष्ट लोकांना ठाऊक नसते. वीजतंत्रीसाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते, तर तारतंत्री म्हणजे वायरमनसाठी आठवी पुरते. गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते, त्यामुळे बारावीनंतर नोकरीत घालवलेल्या वर्षांचा हिशेब कोणी मागत नाही. महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, याचाही मला उपयोग झाला.

काही आठवड्यांत होणारे अल्पमुदतीचे अभ्यासक्रमही मी पाहिले होते. ज्यांना आधीच्या कामात भर घालायची आहे त्यांना ते सोयीचे आहेत, पण ज्याला व्यवसायच बदलायचा आहे त्याने, शक्य असेल तर, दोन वर्षांचे पूर्ण प्रशिक्षण घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. ब्रिटानिया जोड, म्हणजे दोन तारांची टोके शेजारी ठेवून त्यांवर बारीक तार घट्ट गुंडाळून केलेला जोड, शिकताना मी तांब्याची तार इतक्या वेळा सोडून पुन्हा गुंडाळली, की बोटांच्या टोकांची कातडी निघाली. निदेशकांनी तो जोड पक्कडीने दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला आणि काही न बोलता पुढच्या टेबलाकडे गेले, तेव्हा तो जमला आहे हे मला कळले. असा हात बसायला वेळच द्यावा लागतो.

ऑनलाइन अर्ज, तपासणी, विकल्प, म्हणजे पसंतीच्या संस्था क्रमाने, भरणे आणि गुणवत्ता यादी हे सारे सुरळीत पार पडले. पहिल्याच फेरीत मला पहिल्या विकल्पाची जागा मिळाली. घरापासून चालत वीस मिनिटांच्या अंतरावरची ती संस्था होती. आता फक्त मूळ कागदपत्रे घेऊन जायचे आणि प्रवेश निश्चित करायचा, एवढेच उरले होते, आणि त्यासाठी हातात पाच दिवस होते.

मूळ कागदपत्रांत शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि तो शेवटी जिथे शिकलो तिथला लागतो. मी बारावी झाले ते कनिष्ठ महाविद्यालय सोडून सतरा वर्षे झाली होती. बारावीनंतर लगेच नोकरी लागल्यामुळे तो दाखला मला कधी कोणी मागितला नव्हता, आणि मी तो कधी आणलाही नव्हता. तो महाविद्यालयातच पडून असेल, जाऊन घेऊन येऊ, अशी माझी समजूत होती.

पहिल्या दिवशी गेले तेव्हा खिडकी बंद झाली होती, कारण अकरावीच्या प्रवेशांमुळे माजी विद्यार्थ्यांची कामे सकाळी ११ ते १ याच वेळेत घेतली जात होती आणि ही सूचना आतल्या भिंतीवर लावलेली होती. दुसऱ्या दिवशी वेळेत गेले, तर जुनी रजिस्टरे ज्यांच्या ताब्यात होती ते रजेवर होते आणि अभिलेख कक्षाची किल्ली त्यांच्याकडेच होती. तिसऱ्या दिवशी ते आले. मी वर्ष, शाखा आणि तुकडी सांगितली. पाऊण तासाने त्यांनी एक जाड जनरल रजिस्टर आणून टेबलावर ठेवले, कडेला कापड लावलेले आणि पाने पिवळी पडलेले. माझ्या नावाच्या ओळीवर बोट फिरवत ते शेवटच्या रकान्यापर्यंत गेले आणि म्हणाले, “ताई, दाखला दिलेला आहे. इथे सही आहे.”

मी म्हटले, “भाऊसाहेब, मी दाखला घेतलाच नाही.” ते म्हणाले, “मग ही सही कोणाची?” आजूबाजूला रांगेत उभे असलेले पालक माझ्याकडे पाहू लागले. मी खोटे बोलते आहे असेच त्यांना वाटले असणार. भाऊसाहेबांनी रजिस्टर माझ्याकडे वळवले. शेरा या रकान्यात निळ्या शाईने ‘दाखला मिळाला’ असे लिहिले होते, खाली तारीख होती, आणि तिच्याखाली माझ्या वडिलांची सही होती. शेवटच्या अक्षरापासून मागे ओढलेली ती रेघ मी कुठेही ओळखली असती. वडिलांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. माझ्या नकळत ते कधीतरी महाविद्यालयात गेले होते आणि पुढे मुलीला लागेल म्हणून दाखला घेऊन आले होते. त्यांनी तो कुठे ठेवला हे सांगायला आता कोणी नव्हते. मी त्या रजिस्टरसमोर किती वेळ उभी राहिले ते आठवत नाही, पण भाऊसाहेबांनी ते लगेच मिटले नाही, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

त्या रात्री आईने आणि मी घरातली प्रत्येक पेटी उघडून पाहिली. दाखला सापडला नाही.

मूळ दाखला एकदाच मिळतो. तो गहाळ झाल्यास दुय्यम प्रत मिळते, आणि तिच्यासाठी माझ्याकडे तीन गोष्टी मागण्यात आल्या: विनंती अर्ज, दाखला गहाळ झाल्याची पोलीस ठाण्यातली नोंद आणि प्रतिज्ञापत्र. ही यादी मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितली असती, तर पुढचे काही घडले नसते. चौथ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात नोंद झाली आणि दुपारी नोटरीकडे प्रतिज्ञापत्र झाले. पाचव्या दिवशी, म्हणजे प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, दुय्यम प्रत लिहून तयार होती, वर लाल शाईने ‘दुय्यम प्रत’ असे लिहिलेले होते आणि शिक्काही मारलेला होता. फक्त प्राचार्यांची सही राहिली होती आणि प्राचार्य बैठकीसाठी बाहेरगावी गेले होते. सहीचा अधिकार दुसऱ्या कोणाला दिलेला नव्हता. मी दुपारी ४ वाजेपर्यंत बाकावर बसून राहिले. तयार झालेला कागद समोरच्या टेबलावर पेपरवेटखाली होता आणि तो मला नेता येत नव्हता.

आयटीआयमध्ये जाऊन एका दिवसाची मुदत मागितली. तिथल्या बाईंनी माझे सगळे ऐकून घेतले, पण प्रणालीत मुदत संपली की प्रवेश होत नाही, त्यांच्या हातात काही नव्हते. पहिल्या विकल्पाची जागा मिळूनही प्रवेश न घेतल्यामुळे मी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद झाले. पैकीच्या पैकी नियम पाळणाऱ्या माणसाचे एका सहीसाठी असे नुकसान व्हावे, हे मला पटलेले नाही आणि कधी पटेल असे वाटत नाही. प्रवेशाच्या दिवसांत दुसऱ्या कोणाला तरी सहीचा अधिकार देऊन ठेवणे ही काही अवघड गोष्ट नाही.

सही दोन दिवसांनी मिळाली. त्यानंतर उरलेल्या जागांसाठी समुपदेशन फेरी झाली, तिच्यात माझा क्रमांक आला तेव्हा वीजतंत्रीची जागा शिल्लक होती, पण ती दुसऱ्या तालुक्यातल्या संस्थेत. मी क्षणभरही विचार न करता होकार दिला. तेव्हापासून रोज जाऊन-येऊन अडीच तास एसटीत जातात. हजेरी किमान ८० टक्के लागते, तरच परीक्षेला बसता येते, म्हणून लांबची संस्था घेताना प्रवासाचा विचार आधी करावा. दुय्यम प्रत मात्र तिथे एका शब्दाचीही विचारणा न होता स्वीकारली गेली. ती चालते का, याची धास्ती मी उगाच आठवडाभर बाळगली होती. जिथे कागद द्यायचा आहे तिथेच आधी विचारून घ्यावे.

आणखी काही गोष्टी आठवतात त्या लिहिते. अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसेच लिहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या माझ्या एका वर्गमैत्रिणीने आधार कार्डावरचे नाव लिहिले आणि तिला दुरुस्तीसाठी पुन्हा धावपळ करावी लागली. विकल्प भरताना पहिल्या क्रमांकावर तीच संस्था टाकावी, जिथे लगेच प्रवेश घेण्याची सगळी तयारी आहे. आणि नोकरीचा राजीनामा प्रवेशाची पावती हातात आल्यावरच द्यावा. मी तो पहिली यादी लागल्याच्या दिवशी दिला होता, आणि बाद झाल्यानंतरचे ते दिवस कसे काढले ते माझे मला ठाऊक.

अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते आणि उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एखाद्या आस्थापनेत विद्यावेतनावर काम शिकता येते, आणि दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो. माझा विचार शिकाऊ उमेदवारीचा आहे. त्यासाठी लागणाऱ्या कागदांची यादी मी गेल्याच महिन्यात मागून घेतली आणि प्रत्येक कागद एका जाड फाइलमध्ये लावून ठेवला. ती फाइल कोणत्या कपाटात, कोणत्या खणात आहे, हे आईला आणि माझ्या मुलीला दोघींनाही दाखवून ठेवले आहे.