सरासरी कुणाची धरायची?

शनिवार, सकाळची शाळा

दिवाळी सरली, साखर कारखान्यांची धुराडी पेटली की कृष्णाकाठच्या जिल्हा परिषद शाळांत पालकसभेला हा वाद ठरलेलाच. बाहेरून आलेल्या ऊसतोड टोळ्यांची पोरं वर्गात घेतली की शाळेचे गुण घसरतात, असं म्हणणारे पालक वाळवा-पलूसला भेटतात, कराडलाही भेटतात. माणसं वाईट नसतात. पोराची शिष्यवृत्ती परीक्षा त्यांच्या डोक्यात असते आणि इंग्रजी माध्यमाची पिवळी बस रोज दारावरून जाते. पण त्यांचा हिशेब चुकतो, आणि त्याची शिक्षा कोप्यांतल्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांतल्या लेकरांना मिळते, याचा राग येतो.

समजा चौथीचा पट १२ आणि सरासरी शंभरपैकी ७०. बेरीज ८४०. नोव्हेंबरात टोळीतली तीन मुलं आली, त्यांना वीस-वीस गुण पडले. आता ९०० भागिले १५, म्हणजे ६०. सरासरी दहानं खाली आली, पण आधीच्या बारांपैकी एकाचाही अर्धा गुण गेला नाही. लहान पटाच्या शाळेत दोन-तीन मुलं सगळं चित्र फिरवतात. ज्या शाळेत हंगामात नवं कुणी दाखलच होत नाही, तिच्या सरासरीशी हा आकडा ताडून पाहण्यात काही अर्थ नाही.

सरासरी बाजूला ठेवून उत्तरपत्रिका बघावी. ५२ वजा २७ बरोबर ३५, हे उत्तर अशा मुलांच्या कागदावर हमखास सापडतं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून पोरगं सातातून दोन काढतं. पाचातून दोन गेले तीन. चूक पद्धतशीर आहे. नेमका दशक सुटा करण्याचा पाठ झाला तेव्हा ते दुसऱ्या गावाच्या वाटेवर होतं. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेवाव्यात, एक गठ्ठा त्याच्याच हातानं सोडवून घ्यावा, बारातून सात काढायला लावावे, मग उरलेल्या चार गठ्ठ्यांतून दोन. उत्तर २५. काड्या उचलण्याआधीच मांडणी वहीत लिहायला लावली तर जुनी सवय परत येते, म्हणून आधी हात, मग पेन्सिल. शाब्दिक उदाहरण अडलं तर ते मोठ्यानं वाचून दाखवावं. ऐकून उत्तर आलं तर गणित येतंय, वाचन कच्चं आहे. दोन्हींचे उपाय वेगळे.

हे करायला शिक्षकाला वेळ हवा आणि खरी अडचण तिथं आहे. शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते, टोळ्या येतात त्यानंतर. म्हणजे पोरं वाढतात, शिक्षक तेवढेच राहतात. पुस्तकं जूनमध्येच वाटून झालेली असतात. पालकांनी भांडायचं तर यासाठी भांडावं. हंगामापुरता स्वयंसेवक, केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या इतर शाळांत उरलेले पुस्तकसंच, आणि धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीला त्या भावंडासकट शाळेत येता यावं म्हणून अंगणवाडीशी बोलणी. ही सोय नसली की पोरगी पटावर असते, पण हजेरीत नसते. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, त्यामुळे ठराव मांडायला कुणाची परवानगी लागत नाही.

कायदाही मुलाच्या बाजूनं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षण, दोन्ही आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तरी ‘दाखला आण, मग बघू’ हे वाक्य कानावर येतंच. त्याहून वाईट म्हणजे चाचणीच्या दिवशी कच्च्या मुलाला घरी थांबायला सांगणं. आकडा सुधारतो आणि त्या मुलाला काय येत नाही याची एकमेव नोंद हातची जाते. ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात आणली, त्या मातीत असं घडू नये, असं मनापासून वाटतं.

सभेत विचारावं ते एवढंच: प्रत्येक मूल वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीला कुठं होतं, सत्राअखेरच्या संकलित चाचणीला कुठं आलं? आठ गुणांवरून तीसवर गेलेलं पोर शिक्षकानं काय केलं ते दाखवतं. उशिरा आलेल्याची पायाभूत नसतेच. त्याची पहिल्या आठवड्यात तोंडी वाचनाची आणि वजाबाकीची चाचणी घेऊन तीच सुरुवात धरावी.

वर्षाअखेरच्या संकलित दोनच्या वेळेला मात्र टोळ्या निघून गेलेल्या असतात. कारखाना कधी थांबणार हे टोळीच्या मुकादमाला आधी कळतं, त्याला विचारून निघण्याच्या आठवडाभर आधीच मुलाची चाचणी घ्यावी, आणि तपासलेला कागद शिक्षण हमी पत्रकासोबत (पुढच्या गावच्या शाळेत दाखवायचा कागद) आईच्या हातात द्यावा. बाप पुढं ट्रॅक्टरवर बसतो; कागद सामानाबरोबर जातात ते आईच्या पिशवीतून.