तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचा शेअर

घरी येणारे बहुतेक मराठी पाहुणे भिंतीवरचा तो कागद बघून विचारतात, “लाभांश नाही, विकता येत नाही, मग अडीचशे डॉलर घातलेत कशाला?” तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा हा शेअर मी २०११ च्या डिसेंबरात घेतला, तो जेरल्ड क्लिफर्ड नावाच्या वकिलामुळे.

१९३० साली विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेची वस्ती जेमतेम ३७ हजार. तरी त्यांच्या संघाने १९२९ पासून ओळीने तीन वर्षं अमेरिकन फुटबॉलचं अजिंक्यपद जिंकलं. पैशांची मात्र कायम ओढाताण. १९३१ मध्ये एक प्रेक्षक स्टँडवरून पडला आणि त्याने दावा लावला. निकाल त्याच्या बाजूने लागला, विमा कंपनी आधीच बुडालेली. १९३३ मध्ये क्लब रिसीव्हरकडे, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे गेला. तेव्हा गावातली पाच माणसं झटली: वर्तमानपत्रवाले टर्नबुल, किराण्याचे ठोक व्यापारी जोआनेस, डॉक्टर केली, प्रशिक्षक लॅम्बो आणि वकील क्लिफर्ड. सतत वर्गणी मागत फिरायचे म्हणून त्यांना ‘हंग्री फाइव्ह’ म्हणत. १९३५ मध्ये १५,००० डॉलर उभे राहिले आणि ना-नफा संस्था नव्याने नोंदवली गेली.

खरा कस लागला तो १९४९ मध्ये. क्लब पुन्हा डबघाईला आला होता आणि खुद्द लॅम्बोंनीच, ज्यांनी १९१९ मध्ये संघ उभा केला त्यांनी, मोजक्या गुंतवणूकदारांचे पैसे घेऊन संघ नफ्यासाठी चालवावा असा आग्रह धरला. क्लिफर्ड ठाम विरोधात उभे राहिले. इतक्या वर्षांच्या सहकाऱ्यासमोर असं उभं राहणं मला कोर्टातल्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा अवघड वाटतं. लॅम्बो १९५० च्या सुरुवातीला सोडून गेले. मग २५ डॉलरचे शेअर विकून गावाने लाखाच्या वर डॉलर उभे केले, आणि कुणाकडेही २०० पेक्षा जास्त शेअर असू नयेत असं बंधन आलं.

माझे वडील आमच्याकडच्या साखर कारखान्याचे सभासद होते. एका सभासदाला एकच मत, शेअर कितीही असोत. पॅकर्समध्ये मत शेअरमागे असतं, पण त्या मर्यादेमुळे कुणी एकटा मालक होऊ शकत नाही. वडिलांनी सर्वसाधारण सभा कधी चुकवली नाही. पॅकर्सच्या मैदानावरची, लॅम्बो फील्डवरची सभा मला दरवर्षी जमत नाही, पण घरी मतपत्रिका येते ती मी त्याच दिवशी भरून पोस्टात टाकतो.