गल्लीतला पडदा, नोंद ७ : आवाज पोचत होता, शब्द पोचत नव्हते

गल्लीत पडदा लावून आम्ही विणकरांच्या रेकॉर्ड केलेल्या आठवणी ऐकवतो, आणि मागे बसलेल्याला शब्द कळतात का, हे सुटे शब्द वाजवून आणि लिहायला लावून तपासतो. आधी निकाल सांगून टाकतो. २६ मीटरवरच्या शेवटच्या कट्ट्यावर २५ पैकी २२ शब्द बरोबर लिहिले गेले. दिवाळीआधीच्या चाचणीत हाच आकडा १३ होता. मधल्या काळात नवा अ‍ॅम्प्लिफायर आलेला नाही, मोठा स्पीकरही नाही. एक कॉलम, म्हणजे ओळीने चार स्पीकर असलेला लांबट खोका, आडवा केला, अकरा चादरी टांगल्या आणि फाइलच्या एका बाजूला ६० मिलिसेकंदांची शांतता घातली.

नोंद ६ मध्ये सगळा दोष रेकॉर्डिंगवर ढकलला होता, तो मागे घेतो. तेच रेकॉर्डिंग हेडफोनवर स्वच्छ ऐकू येतं. गल्लीत मात्र मागून एकच तक्रार यायची, 'आवाज येतोय, पर शब्द कळंना की.' अशी तक्रार आली की हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो, आणि तिथेच घोळ वाढतो. आवाज वाढवला की भिंतींवरून परतणारा आवाजही तेवढाच वाढतो. स्वर आधीच मोठे असतात, ते अजून माजतात आणि त, थ, स, श ही व्यंजनं त्यांच्याखाली बुडतात.

बोळ तोच, सोलापूरच्या पूर्व भागातला. रुंदी १३ फूट, दोन्हीकडे सिमेंटच्या गिलाव्याच्या दुमजली भिंती, एका टोकाला १२ फुटी पडदा. कार्यक्रमाचं रूपही तेच. मागावरच्या कामाच्या आठवणी विणकरांच्याच तोंडून, अर्ध्या तेलुगूत आणि अर्ध्या मराठीत, सोबत घराघरांतून जमवलेले फोटो. मागांची पाळी सुटल्याशिवाय सुरू करायचं नाही, हा नियम कायम आहे. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा प्रत्येक फटका नेमका व्यंजनाच्या जागी पडतो, त्याच्याशी कुठलाच स्पीकर भांडू शकत नाही.

टाळीची परीक्षा

बोळाच्या मधोमध उभं राहून एकच कोरडी टाळी वाजवा. मोकळ्या मैदानात ती 'टप्' अशी येते. आमच्या बोळात ती 'टप्झर्रर्र' अशी यायची, पत्र्यावरून नाणं घरंगळल्यासारखी. समोरासमोरच्या दोन सपाट भिंतींत आवाज चेंडूसारखा उडत राहतो, त्याची ही खूण. १३ फूट म्हणजे साधारण ४ मीटर. २५ अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४६ मीटर जातो, म्हणजे मधोमध उभ्या माणसाला दर साडेअकरा मिलिसेकंदांनी एक पडसाद. फोनवर टाळी रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडली तर कंगव्याच्या दातांसारखे ओळीने उभे असलेले टोक दिसतात. दोन दातांमधलं अंतर मोजून बोळाची रुंदी काढता येते, टेप लागत नाही.

टाळी एका ठिकाणी वाजवून थांबू नका. पडद्यापाशी, मधोमध आणि मागच्या कट्ट्यापाशी अशी तीनदा वाजवा. आमच्याकडे मागच्या कट्ट्यापाशी 'झर्र' कमी होती, कारण तिथे एका बाजूला जिना आणि उघडं दार आहे. तरीही शब्द सगळ्यात कमी तिथेच कळायचे. म्हणजे दुखणी दोन होती आणि आम्ही एकाच औषधाने दोन्ही बरी करायला निघालो होतो.

कॉलम आडवा का

कॉलम स्पीकर उभाच लावायचा, हे सगळीकडे सांगितलं जातं आणि सभागृहात ते बरोबरही आहे. एकाखाली एक चार स्पीकर असले की आवाज वर-खाली कमी सांडतो आणि डाव्या-उजव्या बाजूला पंख्यासारखा पसरतो. पण १३ फुटी बोळात डावीकडे-उजवीकडे पसरणारा आवाज थेट भिंतींवरच जातो. बोळाला छप्पर नाही. वर सांडलेला आवाज आकाशात निघून जातो, परत येत नाही. म्हणून इथे उलटं करायचं. कॉलम आडवा बांधला की भिंतींकडची गळती कमी होते आणि बहुतेक आवाज बोळाच्या लांबीने सरळ जातो.

याला मर्यादा आहे. आमचा कॉलम साधारण ७० सेंटिमीटर लांब आहे, त्यामुळे ५०० हर्ट्झच्या खाली, म्हणजे जाड आवाजाला, तो आडवा असो वा उभा, फरक पडत नाही. आतले स्पीकर एकमेकांपासून १७ सेंटिमीटरवर आहेत, म्हणून २००० हर्ट्झच्या आसपासपासून वर आवाजाला पुन्हा बाजूचे फाटे फुटतात. मधला पट्टा सुधारला, वरचा तसाच राहिला. खालच्यासाठी मिक्सरवर १५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. माणसाच्या बोलण्यात तिथे अर्थ फारसा नसतो, घुमणंच जास्त.

दुसरी अडचण वरच्या मजल्यांची. आडवा कॉलम खिडक्यांवरही आवाज फेकतो. तो पुढे दहा अंश झुकवला आणि व्हॉल्यूम खाली आणला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. आम्ही साडेनऊलाच गुंडाळतो, म्हणजे उरलेला अर्धा तास तारा काढायला मिळतो.

भाड्याने साउंड देणारे बहुतेक जण अजून भोंगाच पुढे करतात. भोंगा लांब पोचतो, हे खरं. पण चाळीस मिनिटं म्हातारीची हळू आवाजातली आठवण भोंग्यावर ऐकून बघा. दहाव्या मिनिटाला खुर्च्या सरकायला लागतात.

चादरी

दोन हजार हर्ट्झच्या वरचं जे उरलं, ते कापडाचं काम. आधी मंडपाची कनात लावून पाहिली, टाळी जशीच्या तशी. पातळ आणि गुळगुळीत कापड आवाजाला अडवतही नाही, जिरवतही नाही. ओळखायची सोपी रीत अशी : कापड तोंडाला लावून फुंकर मारा. हवा सहज गेली तर निकामी. अजिबात गेली नाही, उदाहरणार्थ ताडपत्री, तरी निकामी, कारण आवाज तिथूनही परततो. थोडा जोर लावल्यावर हवा जात असेल तर ते कापड कामाचं. सोलापुरी चादर या परीक्षेत पहिली आली. एवढे दिवस हे कापड अंगाखाली घेऊन आपण फोमच्या किमती विचारत फिरत होतो!

टांगायची पद्धत महत्त्वाची. भिंतीला चिकटवलेली चादर फक्त अगदी वरचा पट्टा जिरवते. भिंतीपासून चार इंच, म्हणजे १० सेंटिमीटर, पुढे टांगली की ८५० हर्ट्झच्या आसपासपासून काम सुरू होतं. आवाजाच्या लहरीची पाव लांबी त्या फटीएवढी झाली की कापडाच्या जागी हवेची हालचाल सगळ्यात जास्त असते आणि धाग्यांत घासून ती ऊर्जा जिरते. म्हणून भिंतीवर बांबूचे चार इंची तुकडे ठेवून त्यांच्या बाहेरून दोरी ओढली.

चादर ६० बाय ९० इंची. उभी टांगली तर साडेसात फूट उंची मिळते, आणि वरची कड साडेआठ फुटांवर ठेवली की बसलेल्या माणसाचा कान आणि कॉलम दोन्ही तिच्या आवाक्यात येतात. पाच फुटांची रुंदी चुण्या घालून साडेतीन फुटांत बसवली. चुण्यांनी कापडाची जाडी वाढते आणि सपाटपणाही मोडतो. अकरा चादरींत ३८ फुटांची भिंत झाकली. दुसरी भिंत उघडीच ठेवली. चेंडूला दोन्ही भिंती लागतात, एक मऊ झाली की खेळ संपतो. दोन्हीकडे लावून पाहिल्या तर टाळीत फारसा फरक पडला नाही आणि चादरी मात्र बावीस लागल्या.

वाऱ्यात खालची कड उडते, तिथे बांबूची काठी पिनांनी अडकवली होती. ते चुकलं. सेफ्टी पिनने धागे ओढले गेले, आणि चादर कुणाच्या तरी घरची असते. दुरुस्त पद्धत अशी : काठी दुमडलेल्या कडेत ठेवायची आणि लाकडी चिमट्यांनी धरायची. हॅलोजन असेल तर चादरींपासून दूर ठेवा, सूत पेटायला वेळ लागत नाही.

चादरींनंतरच्या टाळीत दात दिसतात, पण तिसऱ्या-चौथ्यानंतर विरतात. कानाला फक्त 'टप्'.

साठ मिलिसेकंद

एवढं होऊनही मागच्या कट्ट्यावर १६ शब्द. तिथलं दुखणं वेगळं होतं. दुसरा कॉलम पडद्यापासून १७ मीटरवर आहे. मागे बसलेल्याला त्याचा आवाज आधी ऐकू येतो आणि पडद्याजवळच्या कॉलमचा तोच शब्द १७ मीटर चालून ४९ मिलिसेकंदांनी मागून येतो. तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या पुढे कान अशा दोन आवाजांना वेगळं धरायला लागतो आणि एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते.

इलाज : मागचा कॉलम मुद्दाम उशिरा वाजवायचा. ४९ अधिक दहा-बारा, म्हणजे ६०. मग पडद्याकडचा आवाज आधी पोचतो, मागचा कॉलम त्याला फक्त टेकू देतो आणि कानाला वाटतं की सगळं पडद्यातूनच येतंय. उन्हाळ्यात हवा तापल्यावर आकडा बदलेल का, असं विचारलं गेलं होतं. ३८ अंशांना १७ मीटरसाठी ४८ मिलिसेकंद लागतात. एका मिलिसेकंदासाठी जीव टांगणीला लावू नका.

यासाठी महागडं डिले यंत्र नको. आपलं रेकॉर्डिंग मोनोच आहे, मग स्टिरिओची उजवी बाजू रिकामीच पडलेली असते. ऑडॅसिटीत ट्रॅकची दुसरी प्रत करा, तिच्या सुरुवातीला ०.०६० सेकंद शांतता घाला. मूळ ट्रॅक पूर्ण डावीकडे, प्रत पूर्ण उजवीकडे, आणि स्टिरिओ म्हणून निर्यात. डावी बाजू पुढच्या कॉलमला, उजवी मागच्याला.

आता यात काय बिघडतं ते. पहिल्या संध्याकाळी सगळं करूनही पडसाद होता, उलट वाढला होता. दोष वायरचा निघाला. साडेतीन एमएमच्या पिनपासून एकाच पी-३८ जॅकला (जाड ऑडिओ जॅकला) जाणारी तयार वायर डावं-उजवं आतच एकत्र करते, मग दोन्ही कॉलम दोन्ही आवाज वाजवतात. दोन वेगळे मोनो जॅक निघणारी वायर लागते. दुकानात 'स्टिरिओ वायर' म्हणून मागितली तर काहीही हातात येतं, म्हणून मल्टिमीटर घेऊन जा. पिनचं टोक एका जॅकला, मधली कडी दुसऱ्या जॅकला आणि त्या दोघांत आपसात जोड नाही, हे तिथेच तपासा. फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू असेल तरी हाच गोंधळ होतो. ब्लूटूथ स्पीकर मागे ठेवायचा मोह टाळा, त्याचा स्वतःचा उशीर शे-दोनशे मिलिसेकंदांचा असतो आणि तोही स्थिर राहत नाही. प्रत्येक कार्यक्रमाआधी एक छोटी फाइल वाजवा, डाव्या बाजूला 'पडदा' आणि उजव्या बाजूला 'कट्टा' एवढेच शब्द.

शब्दचाचणीची यादीही बदलली आहे. ओटा, गोटा, तोटा, धोटा, कोटा असे एकाच व्यंजनाने वेगळे होणारे शब्द, विस्कळीत क्रमाने, प्रत्येकी दोन सेकंद मध्ये सोडून. वाक्यं वापरू नका, माणूस अंदाजाने पुरं करतो आणि आकडा फसवा येतो.

बाकीचं थोडक्यात

तेलुगू बोलण्याखालच्या मराठी ओळी २६ मीटरवरून वाचता येतात. १२ फुटी पडद्यावर १९२० पिक्सेल म्हणजे एक पिक्सेल १.९ मिलिमीटर. अक्षर शिरोरेषेपासून पायापर्यंत ७० पिक्सेल ठेवलं, १३ सेंटिमीटर भरतं. फॉन्टचा आकडा यापेक्षा मोठा निघतो, तो पाहू नका, पडद्यावर पट्टीने मोजा. पडद्याच्या मांजरपाटाची शिवण अजून चेहऱ्यांवरूनच जाते. मोठ्या पन्ह्याचं कापड मिळेपर्यंत चालवून घेऊ.

१२ जानेवारीचा बेत मात्र बदलावा लागतोय. १९३१ साली त्याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या स्वातंत्र्यसैनिकांना फाशी झाली, म्हणून ती संध्याकाळ धरली होती. पण सिद्धेश्वरांची यात्रा त्याच दिवसांत असते, बोळात ऐकायला कोण थांबणार? त्याआधीचा सोलापुरातला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, १९३० च्या मे महिन्यातला, म्हणून तो भाग मेमध्ये नेऊ. सूर्य सातच्या सुमारास मावळतो, साडेसातला पडदा दिसायला लागेल. भीती वळवाची, अकरा भिजलेल्या चादरी वाळवायला कुठे नेणार?

समोर बसून माइकवर बोलणाऱ्याचा प्रश्नही सुटलेला नाही. ६० मिलिसेकंद फाइलमध्ये घालता येतात, जिवंत माणसात नाही. सध्या माइक चालू झाला की मागचा कॉलम बंद करतो आणि मागच्यांना पुढे बोलावतो.

आणि हे लिहिता लिहिता सुचलेलं : चादरी घराघरांतून आणायच्याच आहेत, तर त्याच दिवसभर मांडाव्यात. प्रत्येकीखाली चिठ्ठी, कुठल्या मागावर निघाली, जकार्डची नक्षी कुणाची, रंग किती. अडचण एकच, चुण्यांत नक्षी दिसत नाही आणि सपाट टांगली तर आवाज कमी जिरतो. म्हणून दोरीवर सरकत्या चिमटेवाल्या कड्या, चादरीला आठ, एकूण ८८. दिवसा सपाट, संध्याकाळी ओढून चुण्या. हिशेब केला तर ३८ फुटांत सपाट चादरी सातच बसतात. बाकीच्या चार दिवसा घडी करून ठेवाव्या लागतील, आणि त्या चार कोणाच्या, हे घरोघरी जाऊन सांगायला अजून कोणी तयार नाही.