‘नुसतं फिरवून आणायचे 200 रुपये?’

पाटणला, कराड-चिपळूण रस्त्यालगत पत्र्याची शेड टाकून 1996 साली गॅरेज सुरू केलं. भांडवल म्हणजे एक जॅक, गाडी टेकवायच्या दोन घोड्या, पान्यांचा सेट आणि जमिनीत खणलेला खड्डा. पहिल्या पावसाळ्यात त्या खड्ड्यात कमरेएवढं पाणी साचलं, त्यामुळे गॅरेजची पहिली मोठी खरेदी ठरली पाण्याची मोटर. कोयनेच्या खोऱ्यात तेव्हा वडापच्या (खासगी प्रवासी वाहतुकीच्या) जीपा भरपूर. शिवाय डोंगरातल्या वाड्यांवर जायला काही जणांनी मिलिटरीच्या लिलावातून फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या गाड्या आणल्या होत्या. तसली गाडी आली की बाकीचे गॅरेजवाले आमच्याकडे बोट दाखवायचे. आम्हाला फार येत होतं अशातला भाग नाही, नाही म्हणायची ऐपत नव्हती एवढंच.

पहिल्याच वर्षी तोंडघशी पडलो. एका जीपला 50 च्या पुढे थरथर यायची, ट्रान्सफरचा दांडा हातात नाचायचा. ट्रान्सफर म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना देणारी पेटी. दांडा नाचतो म्हणजे दोष तिथेच, असं समजून मी ट्रान्सफर केस उतरवली. बेअरिंगं बदलली, ऑइल सील टाकले, तीन दिवस गेले. गाडी बाहेर काढली तर थरथर जशीच्या तशी. ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या वाहनदुरुस्तीच्या दलातून निवृत्त झालेले एक हवालदार चहाला टेकले होते. ते वाकले, खाली बघितलं आणि म्हणाले, ‘‘पोरा, प्रोपेलरचे दोन्ही योक एका रेषेत आहेत का?’’ नव्हते. प्रोपेलर म्हणजे पेटीतून एक्सलकडे ताकद नेणारा शाफ्ट, योक म्हणजे त्याच्या टोकांचे दुबेळके. हा शाफ्ट मधे स्प्लाइनवर, म्हणजे खाचांवर सरकतो. तो सुटा केला तर परत बसवताना त्यावरचे बाण जुळवावे लागतात. आधी कुणीतरी क्रॉस (योकमधला सांध्याचा तुकडा) बदलताना बाण न बघताच शाफ्ट ठोकून बसवला होता. काम अर्ध्या तासाचं निघालं. मजुरी मागायला तोंड नव्हतं आणि बेअरिंगचे पैसे खिशातून गेले.

त्यानंतर पेटी उघडण्याआधी बाहेरचं सगळं बघायचं, हे ठरून गेलं. आधी चारही टायरचा घेर दोरीने मोजायचा. पुढच्या-मागच्यात 2 सेंटीमीटरचा फरक असला तरी किलोमीटरला 9 मीटरचा हिशेब चुकतो, आणि या गाड्यांत पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये तो फरक सोसायला डिफरन्शियल नाही. मातीत चाक घसरून ताण निघून जातो, डांबरावर निघत नाही. मग दांडा अडकतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘पेटी गेली.’ अशी अडकलेली गाडी थोडी सरळ मागे घेतली तरी बऱ्याचदा सुटते. मग ट्रान्सफर न्यूट्रलला, चाकाला दगड, इंजिन चालू ठेवून गिअर टाकायचा. आवाज राहिला तर तो गिअरबॉक्सचा किंवा तिथून ट्रान्सफरमध्ये शिरेपर्यंतचा. गेला तर पुढे शोधा. मग रस्त्यावर. पाय दाबला की रडते आणि सोडला की गप्प होते, तर पिनियनकडे, म्हणजे शाफ्ट एक्सलमध्ये शिरतो तिथल्या गिअरकडे बघायचं. हळू चालताना चिमणीसारखी चिवचिव आली तर कोरडा क्रॉस. त्याच्या बेअरिंगच्या कपाशेजारी लाल भुकटी दिसतेच. शेवटी ऑइल बोटावर घ्यायचं. राखाडी चिकटा चालतो, कण लागले तर मात्र पेटी उघडायची. दुधाळ असेल तर गाडी नदीत उतरवली होती का, ते विचारायचं. लोक पटकन कबूल करत नाहीत.

भांडण झालं ते पैशावरून. शोधायला अर्धा दिवस जायचा आणि बिल व्हायचं एका क्रॉसचं. बायको हिशेब ठेवते. तिने एक दिवस वही पुढ्यात आपटली, ‘‘दोष शोधायची मजुरी कुठे आहे?’’ तेव्हापासून तपासणीचे वेगळे 200 रुपये लावले. ‘नुसतं फिरवून आणायचे 200 रुपये?’ हे वाक्य दोन वर्षं रोज ऐकलं. काही गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच.

टिकली त्यांतले एक बागायतदार. त्यांच्या जुन्या पेट्रोल जीपचा हँडब्रेक लागत नव्हता; दोन ठिकाणी ब्रेक शू बदलून झाले होते. त्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफरच्या मागच्या तोंडाशी ड्रमवर असतो. तिथला सील गळत होता आणि शू ऑइलने माखायचे. मीही सील बदलला. महिन्यात परत गळाला. तेव्हा कुठे ब्रीदर आठवला. मातीने पार बुजला होता. पेटी तापली की आतली हवा बाहेर पडायला वाट नाही, मग ती सीलमधून ऑइल ढकलते. तारेने ब्रीदर मोकळा केला आणि तिसरा सील टाकला. त्या दोन्ही सीलचे पैसे मी घेतले नाहीत.

पुढे वडापला नवीन गाड्या आल्या आणि जीपा भंगारात गेल्या. मधली काही वर्षं आम्ही ट्रॅक्टरच्या क्लचवर काढली. आता पुण्या-मुंबईची हौशी पोरं मारुतीची जिप्सी घेऊन येतात. तपासणी 1,500 रुपये झाली आहे, कुणी कुरकुर करत नाही. मुलगा हाताखाली तयार झालाय. कान माझ्यापेक्षा बरा आहे, फक्त मोबाइल खाली ठेवला तर.

मागच्या पावसाळ्यात एक जण दिल्लीच्या मायापुरी बाजारातून जुनी ट्रान्सफर केस घेऊनच आला. उतारावर त्याच्या जिप्सीची फोर-व्हील सुटायची. जिप्सीची ट्रान्सफर गिअरबॉक्सपासून वेगळी, आपल्या रबरी माउंटिंगवर लटकलेली असते. मुलाने खड्ड्यात उतरून टॉमी (लोखंडी दांडा) लावला, तर अख्खी पेटी उचलली गेली. एक माउंटिंग फाटलं होतं. नवीन टाकलं आणि गाडी त्याच दिवशी घरी गेली. दिल्लीची पेटी इथेच पडून आहे. दुपारी मुलगा तिच्यावर डबा ठेवून जेवतो.