तुम्ही विचारलंत म्हणून : अँटिबॉडी किती हव्यात?

"मॅडम, अँटिबॉडी किती आल्या म्हणजे कोरोनाची भीती नाही?" नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये हा प्रश्न २०२१ पासून येतोय. आता सिंहस्थाच्या गर्दीचं नाव निघालं की पुन्हा येतो. असा एक आकडा नाही. पण आकडा निरर्थक आहे, असंही मी म्हणणार नाही.

सातपूरच्या कंपनीतून निवृत्त झालेले एक काका रिपोर्ट घेऊन आले. '२५० पेक्षा जास्त', आणि शेजारी छापलेलं, '०.८० च्या वर पॉझिटिव्ह'. "म्हणजे तीनशेपट सुरक्षित! आता बूस्टर कशाला?" काका, ०.८० ही मशीनची रेषा आहे. रक्तात अँटिबॉडी सापडल्या, एवढंच ती सांगते. संरक्षण तिथून सुरू होतं असं नाही. आणि २५० च्या पुढे सिरम (रक्तातला द्रव) पातळ केल्याशिवाय ते मशीन मोजतच नाही. शिवाय ते मोजतं काय, तर विषाणूच्या स्पाइकला, म्हणजे बाहेरच्या काट्यासारख्या प्रथिनाला, चिकटणाऱ्या सगळ्या अँटिबॉडी. त्यातल्या किती त्याला खरोखर निकामी करतात, ही चाचणी वेगळी.

पंचवटीतल्या एका आजींचं उलटं. रिपोर्ट निगेटिव्ह, आणि त्या रडवेल्या : "लस वायाच गेली का गं?" त्यांनी कोविशील्ड घेतली होती. ती फक्त स्पाइकविरुद्ध अँटिबॉडी तयार करते आणि कुणीतरी त्यांची न्यूक्लिओकॅप्सिडची, म्हणजे विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीची, चाचणी करून दिली होती. ती निगेटिव्ह येणारच! रात्र रात्र झोप गेली होती त्या माउलीची.

मग संबंध आहे तरी काय? २०२१ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये सात लसींची आकडेवारी एकत्र मांडली गेली. आजारातून बऱ्या झालेल्यांमध्ये विषाणू निकामी करणाऱ्या अँटिबॉडीची जी सरासरी पातळी असते, तिच्या साधारण २० टक्के असली तर लक्षणं असलेल्या कोरोनापासून ५० टक्के संरक्षण. आजार गंभीर होण्यापासून तेवढंच संरक्षण मिळायला मात्र साधारण ३ टक्के पुरतात.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. विषाणू नाकाघशात दोन-तीन दिवसांत फोफावतो, तेव्हा हाताशी तयार अँटिबॉडी असतील त्याच कामी येतात. लसीनंतर काही महिन्यांत त्या उतरतात, म्हणून सर्दी-ताप होतो. फुप्फुसं बिघडायला मात्र बहुधा आठवडाभर लागतो. तेवढ्यात विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी जाग्या होऊन नव्या अँटिबॉडी बनवतात, टी-पेशी बाधित पेशी मारतात. आपल्या रिपोर्टमध्ये या दोघींचा पत्ताच नसतो. उतरलेला आकडा बघून घाबरू नका, असं मी सांगते ते यासाठी.

आणि वरच्या टक्केवाऱ्या गटाच्या आहेत, एकट्या माणसाच्या नाहीत. फ्लूचा १:४० हा जुना टायटरसुद्धा (सिरम चाळीसपट पातळ करूनही अँटिबॉडी दिसतात, ती पातळी) धोका साधारण निम्मा झाल्याचंच सांगतो. त्यात विषाणू बदलतो. ओमायक्रॉन आला तेव्हा जुन्या स्पाइकविरुद्धच्या भरपूर अँटिबॉडी असलेल्यांनाही त्याने गाठलं.

किडनी प्रत्यारोपण झालेल्यांची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात लसीनंतर अँटिबॉडी आल्याच नाहीत, तर ते त्यांच्या डॉक्टरांना कळायला हवं. बाकीच्यांनी पुढचा डोस ठरवताना वय, मधुमेह, दमा आणि मागचा डोस कधी झाला, हे डॉक्टरांना सांगावं. गर्दीत जायचं असेल तर फ्लूची त्या वर्षीची लस निदान दोन आठवडे आधी घ्यावी, आणि चाचणीचे पैसे तिकडे वळवावेत. लॅब माझीच आहे, तरी सांगते.