कुऱ्हाडीने राखलेलं रान

लेकीकडे केंब्रिजला येऊन तीन आठवडे झाले होते. कॉलेजं बघून झाली, नदीकाठ झाला, दोन म्युझियमं झाली. मग एका रविवारी जावई म्हणाले, "आई, तुम्हाला झाडांची आवड आहे ना? जवळच एक जुनं रान आहे. लहानसं आहे, पण एप्रिलमध्ये बघण्यासारखं असतं म्हणतात."

लहानसं म्हणजे सुमारे पन्नास हेक्टर, सव्वाशे एकर. हेली वूड त्याचं नाव. केंब्रिजच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर, लाँगस्टो आणि लिटल ग्रॅन्सडेन या दोन गावांच्या मध्ये. डोंगर नाही, नदी नाही, धबधबा तर नाहीच. दोन्ही बाजूंना सपाट शेतं, कुठे गव्हाची पोपटी पात, कुठे रेप या मोहरीसारख्या पिकाचा भडक पिवळा पट्टा. पाण्याच्या टाकीसमोरून एक कच्चा रस्ता शेतांच्या कडेने आत जातो. लांबून बघितलं तर पठारावर करड्या-तपकिरी रंगाची एक गोधडी कुणी टाकून ठेवली आहे असं वाटतं. एवढ्यासाठी गाडी काढून आलो का, असा विचार माझ्या मनात आला होता. तो पुढे कुठल्या कुठे गेला.

रानाच्या तोंडाशीच जावयांनी मला लेकीचे गमबूट घालायला लावले. बरं केलं. ही सगळी चिकणमाती. हिमयुगातल्या बर्फाने खडू आणि दगडगोटे भरडून मागे टाकलेला गाळ आहे हा. पाणी खाली मुरत नाही, वरच साचून राहतं. आमच्याकडे भाताच्या खाचरात चिखलणी झाल्यावर पाय जसा रुततो आणि काढताना 'पच्च' असा आवाज येतो, अगदी तसं. दहा पावलांत मला माहेरी आल्यासारखं वाटलं. माझं माहेर भोर तालुक्यातलं, डोंगराच्या अंगाचं.

आत शिरण्याआधी एक उंचवटा आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला चर लागला. मला वाटलं पाणी काढून द्यायला खणला असेल. तो होता मध्ययुगातला बांध. गुरं आत शिरून कोवळी फूट खाऊ नयेत म्हणून रानाच्या कडेने असा बांध-चर घालत. इतक्या शतकांच्या पावसाने तो आता झिजून गोल झाला आहे, पण रानाची हद्द अजून तीच. १२५१ साली जवळच्या ईली शहरातल्या बिशपच्या मालकीच्या जमिनींची मोजणी झाली, तिच्या नोंदवहीत हे रान नावानिशी आणि क्षेत्रफळासकट लिहिलेलं आहे. त्या साली आपल्याकडे देवगिरीला यादव राज्य करत होते आणि ज्ञानेश्वर अजून जन्मायचे होते. मी त्या बांधावर हात टेकून थोडा वेळ उभी राहिले.

आत थंडावा होता, पण अंधार नव्हता. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात इथल्या झाडांना पुरती पानं आलेली नसतात. ओकच्या फांद्यांच्या टोकांना तांबूस पालवी, अ‍ॅश अजून ठार उघडा, त्याच्या काळ्याभोर कळ्या तशाच मिटलेल्या. खाली हेझलची झुडपं मात्र पालवली होती. हेझलचं कोवळं पान हातात घेऊन बघा. नऊवारीच्या निऱ्यांसारख्या घड्या पडलेल्या असतात त्याला, आणि वरून लव, वासराच्या कानासारखी मऊ. वरची झाडं पानांनी भरायच्या आत जमिनीवरच्या फुलांना आपला संसार उरकायचा असतो. मेअखेर छत मिटलं की खाली ऊन पोचत नाही. म्हणून ही सगळी घाई एप्रिलमध्ये. पांढऱ्या अ‍ॅनिमोनीच्या चांदण्या जमिनीभर पसरलेल्या, ब्लूबेल नुकत्याच निळ्या होऊ लागलेल्या.

आणि ऑक्सलिप.

हे रान ओळखलं जातं ते या फुलामुळे. युरोपात इतरत्र ते भरपूर आहे, पण इंग्लंडमध्ये पूर्वेकडच्या मोजक्या जुन्या रानांतच सापडतं, तेही असल्या दलदलीच्या चिकणमातीवर. मी गुडघ्यावर बसून बघितलं. सुरकुतलेल्या पानांचा चक्राकार झुबका, त्यातून वीतभर उंच, लवदार देठ, आणि देठाच्या टोकाशी दहा-बारा फुलं, सगळी एकाच बाजूला मान झुकवलेली. लग्नातल्या बायका मांडवात एकाच दिशेला नवरी बघायला वळाव्यात तशी. रंग ताकात चिमूटभर हळद पडावी तसा. वास घेतला तर जर्दाळूचा, पुसटसा, आधी वाटतं भास झाला. माझ्या साडीचा काठ चिखलात भिजला आणि लेक "आई, अगं ऊठ" म्हणत राहिली, पण मला उठवेना.

तेवढ्यात उजवीकडच्या झाडीतून भुंकण्याचा आवाज आला. एकेक सुटा, खरखरीत, मध्ये ठरावीक अंतर ठेवून.

"कुणाचा तरी कुत्रा सुटलाय," लेक म्हणाली.

"कुत्रा नाही गं. भेकर आहे."

"आई, हे इंग्लंड आहे."

पण मी लहानपणापासून रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज ऐकलेला. आजी म्हणायची, भेकर बोललं, म्हणजे वाघरू फिरतंय. तो आवाज मी विसरणं शक्य नाही. थोडं पुढे गेल्यावर मोकळवनात एक वयस्कर गृहस्थ भेटले. रानाची देखभाल करणाऱ्या संस्थेसाठी विनामोबदला काम करणारे. त्यांना विचारलं तर म्हणाले, बरोबर ओळखलंत, मंटजॅक आहे. चीनमधलं भेकर, आपल्या सह्याद्रीतल्या भेकराचं धाकटं चुलत भावंडं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडफर्डशरमधल्या वोबर्नच्या उमरावांच्या बागेत हौसेने आणलं, तिथून काही निसटली, काही लोकांनी मुद्दाम सोडली, आणि आता निम्म्याहून अधिक इंग्लंडभर आहेत. मला तो आवाज ऐकून भरून आलं होतं. त्यांचा चेहरा मात्र उतरला. हे भेकर ऑक्सलिपची फुलं खातं, झाडांची कोवळी फूट खातं. मोठी हरणंही आहेत, ती तेच करतात. म्हणून रानाच्या बऱ्याच भागाला आता उंच कुंपण घालावं लागलं आहे. मध्ययुगात बांध घातला गुरांसाठी, आता जाळी लावली हरणांसाठी.

त्या गृहस्थांनी मला मग खरी गोष्ट दाखवली. मोकळवन म्हणत होते मी ज्याला, ते मुळात मोकळवन नव्हतंच. अलीकडेच तोडलेला तुकडा होता. हेझल आणि अ‍ॅश जमिनीलगत सपासप छाटलेले, खुंट उघडे, बाजूला काठ्यांच्या मोळ्या रचलेल्या, मधूनच एखादा ओक तेवढा उभा ठेवलेला. माझ्या पोटात गोळा आला. आमच्या गावच्या देवराईत वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक. लहानपणी मी एकदा तिथून एक हिरडा उचलून आणला होता, तर आजीने रात्री मला परत पाठवलं होतं, कंदील घेऊन, तो ठेवून यायला. राखलेलं रान म्हणजे ज्याला कुऱ्हाड लागत नाही ते, हे माझ्या हाडात भिनलेलं.

त्यांनी मला पलीकडच्या तुकड्यात नेलं. तो एक वर्ष आधी तोडलेला. तिथे खुंटांना मनगटाएवढ्या जाडीचे नाही, पण बोटाएवढे धुमारे फुटून छातीपर्यंत आले होते, एकेका खुंटावर वीस-पंचवीस. आणि त्यांच्यामध्ये जमीन दिसत नव्हती एवढे ऑक्सलिप. जुन्या सावलीतल्या भागात मी जे बघून हरखले होते, ते याच्यापुढे काहीच नव्हतं. झाड तोडलं की ऊन खाली येतं, आणि तोडणीनंतरच्या दुसऱ्या वसंतात फुलं सगळ्यात जास्त येतात. मग धुमारे वाढतात, छत मिटतं, फुलं ओसरतात, पण मुळं तग धरून असतात. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा तोडणी. रान तुकड्या-तुकड्यांत विभागलेलं, दर हिवाळ्यात एक तुकडा. याला कॉपिसिंग म्हणतात. असं केलेला अ‍ॅशचा खुंट शेकडो वर्षं जगतो, न तोडलेल्या अ‍ॅशपेक्षा कितीतरी अधिक. त्यांनी मला तसा एक दाखवला. मधला गाभा कधीच कुजून गेलेला, कडेने खोडांचं रिंगण उरलेलं. मी आत उभी राहिले तरी दोन्ही हात पसरायला जागा होती.

या काठ्यांचं लोक काय करत, असं विचारलं. सरपण, कुंपणाच्या ताट्या, दाताळ्यांचे दांडे. आणि घराच्या भिंती. हेझलच्या काठ्या उभ्या-आडव्या विणायच्या, वरून माती, शेण आणि चिरलेला पेंढा कालवून लिंपायचा. मी त्यांना थांबवलंच. म्हटलं, हा तर कूड! आमच्या माहेरच्या घराची मागची भिंत कारवीच्या कुडाचीच आहे. कारवी सात वर्षांनी फुलते आणि मरते, तिच्या काठ्या आणायच्या, विणायच्या, शेणमातीने लिंपायच्या. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, लिंपताना हात कसा फिरवता तेवढं दाखवा. मी भर रानात हवेत हात फिरवून दाखवला. त्यांनीही आपला फिरवला. जवळपास तसाच.

या रानाचा अनेक वर्षं अभ्यास केला तो ऑलिव्हर रॅकहॅम या केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने. २०१५ साली ते गेले. त्यांचं सांगणं होतं की ज्या रानांतून लोकांना काठ्या-लाकूड मिळत होतं, ती लोकांनी राखली, कारण ती उपयोगाची होती. रान संपतं ते तोडल्याने नव्हे, तोडून नांगर घातल्याने. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात नेमकं तेच झालं. काठ्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि कित्येक जुनी रानं मुळासकट उखडून शेतं केली किंवा सूचिपर्णी झाडं लावली. हेली वूडही तसंच गेलं असतं. १९६२ साली इथल्या निसर्गप्रेमींच्या संस्थेने ते विकत घेतलं आणि बंद पडलेली तोडणी दोन-तीन वर्षांत पुन्हा सुरू केली. विकत घेऊन कुलूप लावलं नाही, कुऱ्हाड लावली. मला हे पचायला बराच वेळ लागला, आणि देवराईबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. आपल्याकडचं पावसाळी रान वेगळं, तिथला उतार वेगळा, एका पावसात माती वाहून जाते. पण देवराईभोवती जी माणसं राहतात त्यांना तिच्याशी काही देणंघेणं उरलं नाही, तर देवाच्या भीतीवर ती किती दिवस टिकेल, हा प्रश्न मला तिथून परतल्यापासून छळतो आहे.

दक्षिणेच्या कडेला एक जुनी रेल्वे होती. बेडफर्ड ते केंब्रिज, १८६२ साली सुरू झाली, १९६७ च्या अखेरीस बंद. रुळांच्या जागी आता झुडपं आहेत. (केंब्रिजच्या जवळ याच रेल्वेच्या सरळ सपाट पट्ट्यावर रेडिओ दुर्बिणी उभ्या केल्या, हे जावयांनी सांगितलं.) तिच्या कडेचं एक त्रिकोणी शेत १९२० च्या दशकात पडीक राहिलं, आणि कुणी एक रोप न लावता त्याचं ओकचं रान झालं. उंच, चांगलं रान. पण जुन्या रानातले ऑक्सलिप तिथे आपणहून पावला-पावलानेच सरकतात. शंभर वर्षांनीही दोन्हींची जमीन बघून फरक कळतो.

अ‍ॅशबद्दल मात्र वाईट वाटलं. आशियातून आलेल्या एका बुरशीने ही झाडं शेंड्याकडून वाळत चालली आहेत, ब्रिटनमध्ये ती पहिल्यांदा सापडली २०१२ साली. त्या रिंगणाच्या खुंटाचं काय होईल, असं मी विचारलं. ते गृहस्थ त्याच्या सालीवर हात ठेवून म्हणाले, दर वर्षी जूनमध्ये येऊन बघतो, पानं फुटली का ते.

रात्री घरी येऊन गमबूट न्हाणीघरात धुतले, माती काही केल्या सुटेना. मग भोरला भावाला फोन लावला. तिकडे पहाट व्हायची होती, पण तो उठलेला असतो. म्हटलं, मागची भिंत कशी आहे?

"आहे की. पण पार उघडी पडलीय गं, काठ्या दिसायला लागल्यात. यंदा पाडून विटांची घ्यायची म्हणतोय."

"थांब," मी म्हटलं. "मी जूनच्या आत येतेय. आपण दोघं मिळून लिंपू."