जळजळ थांबली, डाग तिथेच

आमच्याकडे पित्त वडिलोपार्जित. बाबा रात्रीचं जेवण झालं की पाण्यात चिमूटभर खायचा सोडा ढवळून प्यायचे, एक दणदणीत ढेकर द्यायचे आणि "चला, मोकळं झालं" म्हणून आडवे व्हायचे. दादाने तेच उचललं. मी जरा सुधारलेला, म्हणून माझ्याकडे इनोची पुडी. पंधरा-सोळा वर्षं अशीच काढली. २०२१ च्या दिवाळीनंतर घास छातीत अडकायला लागला, तेव्हा हिने अक्षरशः हाताला धरून पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं.

दुर्बिणीच्या तपासणीची मला फार धास्ती होती. प्रत्यक्षात घशात कडूजहर फवारा मारला, दातांत प्लास्टिकची कडी अडकवली, झोपेचं इंजेक्शन दिलं आणि पुढचं मला ठाऊक नाही. रिपोर्टवरचा फोटो मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. अन्ननलिकेचं अस्तर मोत्यासारखं फिकट, आणि जठराच्या तोंडापासून त्यात वर घुसलेली एक लालसर गुलाबी जीभ. खाली लिहिलेलं: बॅरेट्स इसोफॅगस, सी शून्य, एम दोन. म्हणजे नळीला गोल कडं पडलेलं नाही, पण ती जीभ दोन सेंटिमीटर वर चढली आहे.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं की अन्ननलिका आपलं अस्तर टाकून आतड्यासारखं अस्तर धरते. त्याला आम्ल सोसतं, पण पुढे कॅन्सर व्हायचा तर तो याच अस्तरात होतो. (ज्यांचं नाव या आजाराला मिळालं त्या लंडनच्या नॉर्मन बॅरेट यांना १९५० मध्ये ही अन्ननलिका वाटलीच नव्हती. छातीत ओढलं गेलेलं जठर आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मग पित्त समजून बसलो म्हणून मला कोण हसणार?) बायोप्सीत डिसप्लेशिया, म्हणजे पेशींचा कॅन्सरकडे झुकणारा बदल, नव्हता. अशा हजार जणांत वर्षाला पाचांपेक्षाही कमी लोकांना कॅन्सर होतो, असं डॉक्टर म्हणाले. मला त्या वाक्यातला शेवटचा शब्दच ऐकू आला.

मग नातेवाईक सुरू झाले. मोरावळा, साळीच्या लाह्या, रात्री हळदीचं दूध. एका परिचितांनी ठासून सांगितलं, "गोळ्या आधी बंद करा, त्याच सगळ्याचं मूळ आहेत." मीही शहाणा. डॉक्टरांनी दिलेली आम्ल दाबणारी गोळी, पँटोप्राझोल, एका दिवसात सोडली आणि मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून ज्येष्ठमधाची पावडर आणली, सकाळ-संध्याकाळ चमचाभर. चौथ्या-पाचव्या दिवशी जी आग पेटली, तशी आजाराच्या पहिल्या दिवसांतही नव्हती. गोळी अशी अचानक सोडली की दाबून ठेवलेलं आम्ल उसळून येतं, हे मला नंतर कळलं. तरी मी "शरीर शुद्ध होतंय" म्हणत महिना रेटला. शेवटी पायावर सूज दिसली म्हणून बीपी मोजलं, तर १६० वर १००. ज्येष्ठमध जास्त झालं की अंगात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम उतरतं. बीपीची गोळी आधीपासून चालू असलेल्या माणसाने तरी विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. डॉक्टर रागावले नाहीत. गोळी परत सुरू केली, नाश्त्याआधी अर्धा तास, आणि म्हणाले, "तुम्हाला नैसर्गिकच करायचंय ना? मग रात्री साडेसातला जेवा."

आमच्या घरी रात्रीचं जेवण दहाला. हिंजवडीहून मुलगा येणार, मग पानं घेणार. महिनाभर भांडणं झाली. आता मी एकटा साडेसातला ज्वारीची भाकरी आणि दुधी किंवा दोडका खाऊन घेतो, आणि मुलगा आला की त्याच्यासमोर नुसता बसतो. झोपायच्या आधी तीन तास पोटात काही नाही, हळदीचं दूधसुद्धा नाही. दुधाने तेवढ्यापुरतं गार वाटतं, पण मध्यरात्री दुप्पट व्याजाने वसुली होते.

पलंगाची गोष्ट वेगळीच. आधी मी तीन उशा घेऊन बघितल्या, त्याने कंबरेत घडी पडून पोट उलट जास्तच दाबलं जातं. मग सुताराकडून सहा इंची लाकडी ठोकळे करून घेतले आणि डोक्याकडचे दोन पाय त्यावर चढवले. पहिल्या रात्री ही गादीसकट हळूहळू पायथ्याकडे सरकत गेली आणि पहाटे म्हणाली, "ही घसरगुंडी तुमची तुम्हालाच लखलाभ." आता तिचा पलंग वेगळा आहे. शिवाय झोपायचं डाव्या कुशीवर. त्या बाजूला जठराची पिशवी अन्ननलिकेच्या खाली राहते, म्हणून आम्ल सहज वर चढत नाही. वामकुक्षी म्हणजे डावी कूसच की! पुण्यात आम्ही ती जेवून लगेच, वाटेल त्या कुशीवर घेतो, एवढंच.

खाण्याची मी वही ठेवली. माझ्यापुरता निकाल अनपेक्षित निघाला. सकाळी नऊची अर्धी प्लेट मिसळ, तर्री बाजूला ठेवून, बहुतेक वेळा पचली. रात्रीची पावभाजी कधीच नाही. सर्वांत मोठी गुन्हेगार एकादशीची साबुदाणा खिचडी, तूप आणि दाण्याच्या कुटासकट. त्यानंतर रिकाम्या पोटीचा चहा. रोज सकाळी हनुमान टेकडी चढून वजन ८४ चं ७६ झालं, पँटचा पट्टा दोन भोकं आत आला, आणि खरा फरक मला तिथेच जाणवला. पोटाचा घेर आत गेला आणि करपट ढेकर थांबले.

२०२२ मध्ये एकदा, आणि मग २०२५ मध्ये पुन्हा दुर्बीण झाली. या वेळी मी ऐटीत गेलो होतो. तीन वर्षांत जळजळ जवळपास नाही, म्हणजे डाग पुसला असणार. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी ठेवला. तीच जीभ, तेच दोन सेंटिमीटर. डिसप्लेशिया अजूनही नाही. "जेवणाने तुमची जळजळ गेली, अस्तर नाही गेलं," ते म्हणाले. "आणि या अस्तराला आम्ल तसंही कमी जाणवतं, त्यामुळे जळत नाही यावरून आतलं ओळखू नका." पुढची तारीख त्यांनी फाइलवर लाल पेनाने लिहिली. मी घरी येऊन थोडा वेळ खट्टू बसलो, मग साडेसात वाजले म्हणून जेवायला उठलो.

दादा एकसष्टचा आहे, पोट सुटलेलं, आणि सोडा अजून चालू आहे. पित्त त्याला माझ्याही आधीपासून. माझ्याच डॉक्टरांकडे त्याची पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे. सोमवारी रात्री आठनंतर काही खायचं नाही, एवढंच त्याला सांगितलंय. तिथे काय होतं ते रिक्षात सांगेन, ऐन वेळी पळायला नको.